आवाजाची पाळी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि ऱ्हस्व कुठं नि दीर्घ कुठं हे मी अजून अंदाजानंच ठरवते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात आणि माणूस तेवढा बघावा. कारण माणूस बघण्यासारखा आहे. पाणी वाटून देणारी माणसं आमच्या भागात पुष्कळ झाली. आवाज वाटून देणारा माणूस मात्र अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच झाला, आणि ते माझे चुलत सासरे आहेत.

त्यांना आमची सगळी वस्ती आबा म्हणते. वस्ती अंथुर्ण्याच्या बाहेर, कालव्याच्या अंगाला. आबा नोकरीत होते तेव्हा त्याच कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, ती पाळी सांभाळणारा माणूस. नोकरी सुटली, पण खाकी शर्ट आणि काळ्या दोऱ्यातली शिट्टी काही सुटली नाही. अंगानं काटकुळे, पण चालणं असं, की मागून सरकारी जीप येतेय असं वाटावं. पाळीच्या बाबतीत त्यांनी सख्ख्या भावाला सोडलं नाही. माझ्या सासऱ्यांनी एकदा पाळी संपल्यावर पाटाचं दार थोडं उघडं ठेवलं, तर आबांनी ते गेट बंद केलं, दंड लावला आणि रात्री त्यांच्याच ताटाला जेवायला बसले. सासरे पुढं हंगामभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आबा रोज त्यांच्याशी बोलत राहिले.

त्यांचा एक कायदा होता. कालव्याच्या टोकाला, म्हणजे टेलाला, जो शेवटचा शेतकरी, त्याला पाणी आधी. जवळचा काय, कधीही घेईल, लांबच्याला उरणार नाही. हा कायदा ते पाण्याला लावायचे तसा सगळ्यालाच लावायचे. एका लग्नात त्यांनी वाढप्यांना शेवटच्या पंगतीपासून सुरुवात करायला लावली. पुढं बसलेली नवऱ्याकडची माणसं रिकाम्या पत्रावळीकडं बघत राहिली, आणि मागं मांडवाच्या दोरीला टेकून बसलेल्यांच्या पानात दोनदा बुंदी पडली. मी लग्न होऊन पिंपळीहून आले, त्या पहिल्या दिवशी घरात सगळ्यांच्या आधी मला भाकरी वाढायला लावली ती आबांनीच. नवी सून, मान खाली, भाकरी तशीच ताटात. तेव्हा चुलत सासूबाई होत्या, त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "खा गं बाई. तू टेलाची हायस, तू खाल्ल्याबिगर आमाला मिळायचं न्हाय." त्या गेल्यापासून आबा मागच्या खोलीत एकटे राहतात.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक बाई जीपमधून आल्या. तरुण, कापलेले केस, पायात बूट. त्यांना जमिनीत एक मशीन बसवायची होती, आणि त्यासाठी रस्त्यापासून लांबची, खाली घट्ट काळा खडक असलेली जागा हवी होती. आबांच्या वाटणीत माळाचा एक तुकडा आहे, तिथं कुसळाशिवाय काही उगवलेलं मी पाहिलं नाही. तो बाईंना पसंत पडला. खड्डा खणला, तळाशी खडकावर सिमेंटचा ओटा केला, त्यावर कुकरएवढा एक डबा ठेवला, वर झाकण घालून माती लोटली. बाजूला उन्हावर चालणारी पाटी आणि भोवती तारेचं कुंपण.

बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. आपला हा काळा खडक म्हणजे फार फार पूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला तापलेला रस आहे. तो थरावर थर थिजत गेला. मला दुरडीत रचलेल्या भाकऱ्या दिसल्या. त्या थरांच्या खाली जुना खडक, मग जमिनीचं कवच संपतं, आणि त्याच्याखाली आणखी एक जाड भाग आहे, त्याला प्रावरण म्हणतात. तिथवर कुणी खणू शकत नाही. पण समुद्रापलीकडं कुठं मोठा भूकंप झाला, की त्याची लाट पृथ्वीच्या पोटातून इथवर येते. आपल्याला कळत नाही, मशीनला कळते. वाटेत जसा खडक लागेल तशी लाट लवकर किंवा उशिरा पोचते. त्यावरून खाली काय आहे, कवच किती जाड आहे आणि तो रस कुठून वर आला, याचा अंदाज बांधायचा. अशा मशिनी कोकणापासून सोलापूरच्या बाजूपर्यंत ओळीनं लावल्या होत्या.

आबा कुंपणाला धरून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी वरच्या गेटातनं पाणी सोडायचं, आन् हितं टेलाला ते कवा पोचतंय त्यावरनं मधी गाळ किती आन् फुटलंय कुठं ते वळखायचं."

"अगदी तसंच, आजोबा," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. जीपमध्ये बसता बसता आणखी एक वाक्य त्या बोलून गेल्या, की आसपास फार धडधड नसली तर बरं.

बाई गेल्या आणि आबांची नोकरी परत सुरू झाली. लाट म्हणजे पाणी, हे त्यांना पटलंच होतं. मग धडधड म्हणजे पाणीचोरी, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. संध्याकाळी शिट्टी मारून विहारासमोर सगळ्यांना गोळा केलं आणि आवाजाची पाळी सांगितली. मळणी मंगळवारी. ट्रॅक्टर शेतात कधीही, पण माळाच्या वाटेनं न्यायचा नाही. लाकडं फोडायची ती कालव्यापलीकडं. पोरांनी उड्या मारायच्या त्या वाळूच्या ढिगावर, वाळू आवाज पुढं जाऊ देत नाही म्हणून. लोक हसले, कुरकुरले आणि पाळायला लागले. एक तर आबांनी आयुष्यभर कुणाला झुकतं माप दिलेलं नव्हतं. दुसरं, त्यांनी सगळ्यात आधी स्वतःला बांधून घेतलं. काठीच्या टोकाला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली. चपला सोडल्या. खोकल्याची उबळ आली की धोतराचा सोगा तोंडावर धरून कालव्याच्या भरावापर्यंत पळत जायचे, तिथं पोटभर खोकायचे आणि हळू पावलांनी परत यायचे. शिट्टी मात्र चालू होती. कुणीतरी विचारलंच, तर म्हणाले, "शिट्टी वाऱ्यातनं जाती. भुईला तिचं काय?"

माझ्या नणंदेचे मालक बारामतीहून बुलेटवर येतात. गाडीचा आवाज म्हणजे त्यांचा अर्धा रुबाब. आबांनी त्यांना कालव्याच्या पुलावरच गाठलं, मानानं नमस्कार केला आणि गाडी बंद करायला लावली. "जावईबापू, गाडी लई गुणाची हाय तुमची. हातानं ढकलली तरी चालती." जावईबापू भर उन्हात ती ढकलत दारात आले तेव्हा त्यांना दोन तांबे पाणी लागलं. पुढच्या खेपेला एसटीनं आले.

जयंतीला वस्तीत मिरवणूक निघते, त्याचं काय होणार म्हणून पोरं धास्तावली होती. आबांनी जाहीर केलं, त्या दिवशी पाळी नाही, सगळ्यांना खुलं. आणि आदल्या दिवशी बाईंना फोन लावला. मी शेजारीच मिरच्यांची देठं खुडत होते. "बाई, उद्याच्याला भुईतनं आमची जयंती ऐकू यील. ती काय भूकंप न्हाय, पर कापून टाकू नगा." पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर आबा बराच वेळ खूश होते.

आता माझ्या डंखाचं सांगते. डंख म्हणजे मिरची कांडायची मशीन. दोन जड लोखंडी मुसळं, विजेवर खाली-वर होणारी. बचत गटाकडून कर्ज घेऊन मी तो आणला आणि घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. मला चारचौघांत बोलता येत नाही. बायकांच्या बैठकीतसुद्धा माझं नाव पुकारलं की मी फक्त हात वर करते. डंखाला बोलावं लागत नाही. मिरची घ्यायची, कांडायची, चाळायची, द्यायची. उन्हाळ्यात बायका वर्षाचं तिखट करतात, तेवढे दोन-तीन महिने डंख दिवसभर चालला तर वर्षाचे हप्ते निघतात. माझी म्हणून घरात तेवढी एकच वस्तू होती.

शेडपासून मशीनचा खड्डा हाकेच्या अंतरावर.

आबा सुनेच्या शेडमध्ये खाकरल्याशिवाय येत नसत, आणि खाकरायची तर त्यांनी स्वतःला बंदी केलेली. त्यामुळं ते दाराबाहेर उभेच राहिले. मी चाळण झाडायला बाहेर आले तेव्हा दिसले. आत आले, चालू डंखाशेजारी पत्र्याला हात लावून बघितला, आणि उतरलेल्या तोंडानं म्हणाले, "सूनबाय, वस्तीतलं सगळ्यात मोठं गेट तुजंच हाय गं." मला पाळी मिळाली शनिवारची. उन्हं उतरल्यावर तासभर.

मी "व्हय" म्हणाले. मनात पुष्कळ होतं. हंगाम तोंडावर आहे, तासाभरात एका घरची मिरची होत नाही, बायका थांबणार नाहीत. पण ते चुलत सासरे, त्यांनी आयुष्यभर शेवटच्याला आधी दिलं, आणि मी कधी त्यांच्यासमोर एका शब्दापेक्षा जास्त बोललेली नव्हते.

बायका कळंबच्या डंखावर जायला लागल्या. रिक्षा करून, मिरचीची पोती घेऊन माझ्या दारावरून. माझी जाऊ तोंडानं तिखट आहे. ती त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या मामंजीनी भुईला बाळंतीण करून ठिवलीया. कुणी भांडं आपटू नगा, बाळ उठंल." सगळ्या हसायच्या, मीसुद्धा पदरात हसायचे. हप्त्याची तारीख आली तेव्हा हसू आलं नाही. मी शेळी विकली.

दोन दिवसांनी आबांनी विचारलं, "शेळी कुठं दिसंना?"

"विकली, आबा."

ते हळू आवाजात म्हणाले, "वरडायची म्हणून?"

मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच माहीत नाही. त्यांनी ती हो धरली, आणि संध्याकाळी विहारासमोर सगळ्यांदेखत सांगितलं, की माझ्या पुतण्याच्या बायकोनं भुईपायी दुभती शेळी विकली, नायतर तुमी. जाऊ माझ्याकडं बघत राहिली. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण तिथंही मशीन होती.

पुढच्या हप्त्याला विकायला काही नव्हतं. एक महिना गट कसाबसा थांबतो, दुसऱ्या महिन्यात गटातल्या बायका शेडमध्ये येऊन डंखाला हात लावून जातात, म्हणजे पुढच्या खेपेला तो उचलून न्यायचा. मी तसं दुसऱ्या एका बाईच्या घरी झालेलं पाहिलं होतं.

तेवढ्यात पुण्याच्या बाई आल्या. मधून मधून त्या येऊन मशीनमध्ये साठलेलं काढून नेत. माळावर कुंपणापाशी खुर्ची टाकून लॅपटॉप उघडून बसल्या होत्या, आबा चिंधीची काठी घेऊन शेजारी उभे. मी चहा घेऊन गेले. कप पुढं केला आणि तिथंच थांबले. मग माझ्याच तोंडून माझाच आवाज आला. "बाई, माझ्या डंखाचा तुमच्या कामाला त्रास होतो का?"

"कसला डंख?" बाई म्हणाल्या.

त्यांना माहीतच नव्हतं. मी शेडकडं बोट दाखवलं, शनिवार सांगितला. त्यांनी बोटांनी काही सरकवलं आणि पडद्यावर एक दाट काळा पट्टा दाखवला. "हा असेल. हा भरभर ठोका आहे. लांबच्या भूकंपाची जी लाट आम्ही शोधतो ती संथ असते. दोन्ही सहज वेगळी काढता येतात. तुम्ही चालवा की. रोज चालवा."

आबा वाकून पडद्याकडं बघत होते. "आन् मळणी?" त्यांनी विचारलं.

"तिचाही काही त्रास नाही."

"ट्रॅक्टर?"

"नाही."

"बुलेट?"

"कुणाची बुलेट?" बाई हसल्या. आबा हसले नाहीत. मग बाईच म्हणाल्या, एका गोष्टीची मात्र अडचण होते. रोज सकाळी कुणीतरी खड्ड्याच्या अगदी कडेला येऊन बराच वेळ उभं राहतं. माणसाच्या वजनानं जमीन किंचित कलते, डोळ्यांना कधी दिसणार नाही इतकी. पण मशीनला ते कळतं, आणि ते संथ असतं, म्हणून लाटेत मिसळतं. "गुराखी असेल. तुम्ही सांगाल का त्याला, आजोबा?"

मी हातातल्या ट्रेकडं बघत राहिले. रोज उजाडताना गोठ्यातून मला ते दिसायचे. कुंपणाचं फाटक उघडून आत जायचे, खड्ड्याशी उभे राहायचे, सूर्य वर येईपर्यंत. राखण म्हणायचे त्याला. वस्तीत हे फक्त मला माहीत होतं आणि मी बोलणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं.

"सांगाया नगं," आबा म्हणाले. "त्यो मीच हाय."

बाई ओशाळल्या. फार काही बिघडलं नाही म्हणाल्या. आबांनी आपल्या अंगाकडं एकदा बघितलं, खाकी शर्टाच्या आत नुसता सापळा, आणि विचारलं, "एवढ्यानं कलती?"

"एवढ्यानं कलते, आजोबा."

"मंग मला बी पाळी लावा."

"पाळी नको. फक्त जवळ जाऊ नका."

"म्हंजी गेट बंद," आबा म्हणाले.

त्या संध्याकाळी शिट्टी वाजली नाही. आबा स्वतः घरोघर गेले, वस्तीच्या शेवटच्या घरापासून सुरुवात करून, आणि प्रत्येक दारात तेवढंच बोलले, की माझं चुकलं, आजपासून खुलं. जावेच्या दारात तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी बाळंतिणीचा सव्वा महिना झाला म्हणा की." आबा म्हणाले, "झाला." तिनं त्यांना चहा केला.

माझ्या शेडशी सगळ्यात शेवटी आले. दाराबाहेर खाकरले, चांगलं खणखणीत. आत येऊन विचारलं, शेळी कशापायी विकली ते खरं सांग. मी सांगितलं. ते तसेच गेले, आणि पेन्शनच्या दिवशी परत आले ते हातात नोटा घेऊन. मी नको म्हणाले. एवढंच म्हणता आलं.

"पाणी चोरलं की दंड," आबा म्हणाले. "म्या तुजा हंगाम चोरला. एकदम न्हाय जमायचं, पर महिन्याच्या महिन्याला दीन."

"आबा, माफ करा."

"दंड माफ कराया मला कवा आलाय?"

नुकसान किती झालं ते त्यांनी मला विचारलं नाही, बायकांना विचारलं. कोण कोण कळंबला गेली, किती मिरची नेली. मग स्वतःच आकडा ठरवला, शेळी धरून. त्यावर मला बोलू दिलं नाही.

राखण काही त्यांनी सोडली नाही, लांब नेली. बांधावर एक बाभूळ आहे, तिथपासून खड्डा दिसतो. बाईंना विचारून त्यांनी तेवढं अंतर मंजूर करून घेतलं होतं. सकाळी तिच्याखाली बसायचे, तोंड माळाकडं. माझा डंख दिवसभर चालायचा, पोरं कुठंही उड्या मारायची, जावईबापू बुलेटवर दारापर्यंत यायचे, आणि या सगळ्या गलबल्यात सावलीत आबा तेवढे न हलता बसलेले. मी एकदा चहा घेऊन गेले तेव्हा विचारलं, आता इथं बसून काय राखता? म्हणाले, "पयलं तितं उभं ऱ्हायलो की वाटायचं, कुणीतरी माज्याकडं कान दिऊन हाय." आणि चहा प्यायले.

मग मशीनची मुदत संपली. बाई दोन माणसं घेऊन आल्या, डबा वर काढला, तारा गुंडाळल्या. खड्डा बुजवून देतो म्हणाले, आबांनी राहू द्या म्हटलं. खाली काय निघालं ते सगळ्या मशिनींचं जुळवल्यावर कळेल, त्याला अजून वेळ आहे, असं बाईंनी सांगितलं. आबांना वेगळंच विचारायचं होतं.

"म्या कलवल्याली भुई काढून टाकली?"

"कामापुरती बाजूला काढली," बाई म्हणाल्या. "पण मूळ नोंद आम्ही पुसत नाही. ती तशीच राहते."

"जयंती?"

"तीही आहे."

"आन् सुनंचा डंख?"

"आहे की. आधी शनिवारी तासभर, मग रोज."

आबांनी मान हलवली, जणू पाळी बरोबर पोचल्याची पावती मिळाली. जीप पुलापलीकडं गेली तरी ते कुंपणाच्या खांबाला धरून उभे होते. आता अगदी खड्ड्याच्या कडेला.

त्यानंतरही ते महिन्याच्या महिन्याला येत राहिले. गटाचे हप्ते मी त्यातून आणि डंखावरून भरत गेले, यंदाच्या उन्हाळ्यात ते संपले. आबांचा दंड मागून संपला, गेल्या पेन्शनला. दुपारी दाराबाहेर खाकरणं ऐकू आलं. आत आले, मिरचीच्या पोत्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "चालू कर."

मी बटण दाबलं. मुसळं पडायला लागली. आबा काठीच्या आधारानं हळूहळू खाली बसले, चिंधी अजून काठीला होतीच, आणि सारवलेल्या भुईवर त्यांनी पंजा टेकवला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलेलं, ते पुसायलाही हात उचलला नाही.

"हाताला लागतंय की," ते म्हणाले. "एवढं सगळं ऐकत हुती ही भुई. आन् मी तुमाला म्हणायचो, गप."

मग दुसऱ्या हातानं खिशातून नोटा काढल्या आणि माझ्यापुढं धरल्या. "मोज."

न मोजता घेतल्या असत्या तर ते उठले नसते. मी पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर मोजल्या. बरोबर होत्या.

"फिटलं?"

"फिटलं, आबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. भुईवरचा हात तसाच होता.